गल्ल्यातली उचल

३१ मार्चच्या रात्री साडेनऊला दुकानाचे शटर अर्धे खाली ओढून आम्ही तिघे मालमोजणीला बसलो होतो. दुकान कराडातल्या एका पेठेतले, किराण्याचे. मालक, त्यांच्या पत्नी आणि मी. एरवी मी अशिलांच्या दुकानात जाऊन पोती मोजत नाही, पण या गृहस्थांना घरासाठी कर्ज हवे होते आणि बँकेने मागील तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे पाहून त्यांना दारातूनच परत पाठवले होते. साखर, तेलाचे डबे, डाळींची पोती, साबणाचे खोके असे सगळे खरेदीच्या भावाने लिहून झाल्यावर मी रोख शिल्लक विचारली. मालकांनी खण ओढून नोटा मोजल्या आणि अठरा हजार चारशे दहा असा आकडा सांगितला. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "त्यातले साडेसहा हजार भिशीचे आहेत, ते धरू नका. आणि सकाळी टेम्पोवाल्याचं भाडं मी घरातल्या पैशातनं दिलंय, तेही बघा."

मग दुकानाची खरी शिल्लक किती, हे आम्हा तिघांपैकी कोणालाही छातीठोकपणे सांगता येईना. गेली बावीस वर्षे मी कर सल्लागाराचे काम करतो आहे आणि छोट्या दुकानदारांच्या बहुतेक अडचणी शेवटी याच प्रश्नापाशी येऊन थांबतात, असा माझा अनुभव आहे. कायद्यातली कलमे अवघड असतात हे खरे, पण ती वाचून समजावून सांगणारी माणसे प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. घर आणि दुकान यांच्यामधली रेघ मात्र ज्याची त्यालाच ओढावी लागते.

माझे वडील इथल्याच एका आडत दुकानात दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होई आणि पाडव्याला नव्या वहीत पहिली नोंद पडे, म्हणजे हिशेबाचे वर्षही दिवाळी ते दिवाळी असे. पुढे कायदा बदलला आणि १९८९-९० या आकारणी वर्षापासून प्राप्तिकरासाठी सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले. वह्यांची पूजा तेवढी दिवाळीत राहिली. वडिलांच्या रोजकिर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, एक गोष्ट मी लहानपणी पुष्कळदा पाहिली आहे. मालक घरी जाताना गल्ल्यातून भाजीसाठी वीस रुपये घेत, तेव्हा वडील त्यांच्या देखत ते 'शेठ यांचे घरखर्च खाते' असे नावे टाकत. दुकान त्यांचे, पैसे त्यांचे, तरीही नोंद होत असे, आणि मालकांना त्यात कधी अपमान वाटला नाही. पुस्तपालनाच्या क्रमिक पुस्तकात यालाच 'उचल' म्हणतात. ऊसतोडीच्या टोळ्यांना देतात ती उचल निराळी. ही मालकाने स्वतःच्या धंद्यातून स्वतःसाठी काढलेली रक्कम.

आता ही नोंद कोणी करत नाही, आणि त्याचे एक कारण कलम ४४एडी हे आहे. (मी कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले देतो आहे. आयकर अधिनियम, २०२५ हा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र जुन्या कायद्याप्रमाणेच भरायचे आहे.) व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब किंवा भागीदारी संस्था यांची वार्षिक उलाढाल दोन कोटींच्या आत असेल, आणि रोखीची जमा एकूण उलाढालीच्या पाच टक्क्यांच्या आत असल्यास तीन कोटींपर्यंत, तर या कलमाखाली नफा ठरावीक दराने दाखवता येतो. रोखीच्या विक्रीवर आठ टक्के, आणि बँकेमार्फत किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर सहा टक्के. उधारीचे पैसे वर्ष संपल्यावर पण विवरणपत्राच्या मुदतीआधी बँकेतून आले, तरी त्यांना सहाच टक्क्यांचा दर लागतो. ही सवलत फार थोड्या दुकानदारांना ठाऊक असते. हा मार्ग स्वीकारणाऱ्याला कलम ४४एए प्रमाणे वह्या ठेवण्याचे आणि लेखापरीक्षण करून घेण्याचे बंधन नाही. दलाली, कमिशन आणि एजन्सीच्या धंद्यांना हे कलम लागू होत नाही. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्यासारख्या व्यावसायिकांसाठी ४४एडीए हे वेगळे कलम आहे आणि तिथे दर पन्नास टक्क्यांचा आहे.

आमच्या किराणा दुकानाची २०२५-२६ ची विक्री चौऱ्याऐंशी लाख होती. त्यातली अठ्ठेचाळीस लाख बँकेत आणि यूपीआयने, छत्तीस लाख रोखीने. सहा टक्क्यांनी दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार आणि आठ टक्क्यांनीही नेमके तेवढेच, असा एकूण ५,७६,००० रुपये नफा कलमाप्रमाणे निघतो. आदल्या वर्षांतही याच पद्धतीने पाच लाखांच्या आसपास नफा दाखवून विवरणपत्र भरले गेले होते. ते मीच भरले होते, हेही इथे सांगितले पाहिजे. मालकांनी विक्रीचा आकडा दिला, मी गुणाकार केला आणि दहा मिनिटांत काम संपले.

परंतु कलमाची भाषा नीट वाचली, तर आठ किंवा सहा टक्के हा किमान आकडा आहे. करदात्याला प्रत्यक्षात त्याहून अधिक उत्पन्न झाले असेल, तर ते अधिक उत्पन्न दाखवायचे असते. 'आठ टक्के दाखवले की सुटलो' हा बाजारात रूढ झालेला समज आहे, कायद्यात तसे लिहिलेले नाही. आणि प्रत्यक्ष नफा किती झाला हे वह्या नसलेल्या दुकानदाराने कुठून काढायचे? त्याला एक जुना, साधा मार्ग आहे. दुकान काय म्हणते ते कळत नसेल, तर घराला विचारावे.

त्या रात्री बारा वाजेपर्यंत आम्ही तेच केले. वहिनींकडे एक लांबट वही होती, तिच्यात दुधापासून शिकवणीपर्यंत सगळा घरखर्च लिहिलेला होता. मालकांना त्या वहीचे अस्तित्व ठाऊक होते, पण तिचा दुकानाशी काही संबंध असेल असे त्यांना कधी वाटले नव्हते. घरखर्च महिन्याला सरासरी अडतीस हजार, म्हणजे वर्षाचे ४,५६,०००. मुलाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे शुल्क आणि वसतिगृह १,६०,०००. विम्याचे हप्ते ४८,०००. दसऱ्याला केलेला दागिना १,२०,०००. नवी मुदत ठेव १,००,०००. इतके पैसे घराने वापरले किंवा साठवले, बेरीज ८,८४,०००. मग दुकानाकडे वळलो. शिल्लक माल मागच्या मार्चपेक्षा सत्तर हजारांनी वाढला होता, म्हणजे तेवढा नफा मालात अडकला. उधारी वीस हजारांनी कमी झाली होती, म्हणजे तेवढे जुने पैसे परत आले. घाऊक व्यापाऱ्यांचे देणे जवळपास जैसे थे. बेरीज-वजाबाकी करून ९,३४,०००. या रकमेत गावाकडच्या एक एकर उसाच्या बिलातून खर्च जाऊन उरलेले ऐंशी हजार होते. ते वजा केले. दुकानाचा नफा राहिला ८,५४,०००.

मालक काही वेळ आकड्याकडे बघत राहिले. ५,७६,००० आणि ८,५४,००० यांत पावणेतीन लाखांहून अधिक अंतर होते, आणि ते अंतर कोणी लबाडीने निर्माण केले नव्हते. पाच लाख शहात्तर हजारांच्या उत्पन्नात पावणेनऊ लाखांचा संसार आणि बचत कशी चालली, हा प्रश्न मात्र बँकेच्या अधिकाऱ्याला पडला तसा उद्या कर अधिकाऱ्यालाही पडू शकतो. स्रोत सांगता न आलेली रक्कम कलम ६९ पासूनच्या तरतुदींखाली उत्पन्न धरली गेली, तर कलम ११५बीबीई प्रमाणे साठ टक्के कर, त्यावर पंचवीस टक्के अधिभार आणि चार टक्के उपकर असा एकूण भार अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर जातो.

"मग आता कर किती भरायचा?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर ऐकून त्यांचा विश्वास बसेना. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही, चार ते आठ लाखांवर पाच टक्के, आठ ते बारा लाखांवर दहा टक्के, आणि एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए खाली साठ हजारांपर्यंतची सूट. ८,५४,००० वर कर २५,४०० होतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी ते पाच हजारांहून अधिक असल्यास करदर ठरवण्यापुरते मिळवले जाते. तसे केल्यावर आकडा २९,४०० होतो. सूट साठ हजारांची असल्यामुळे देय कर शून्य. म्हणजे ५,७६,००० दाखवले तरी शून्य आणि ८,५४,००० दाखवले तरी शून्य. २०२४-२५ पर्यंत ही सूट सात लाखांच्या उत्पन्नापर्यंतच होती, त्यामुळे कमी आकड्याकडे ओढा असणे समजण्यासारखे होते. आता बारा लाखांच्या आत असलेल्या दुकानदाराने खरा नफा झाकून नेमके काय मिळवायचे, हे मला समजत नाही. शेअर विक्रीच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर ही सूट मिळत नाही, एवढे लक्षात ठेवावे. नवी प्रणाली आपोआप लागू असते; व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला जुनी हवी असेल तर १०-आयईए हा फॉर्म भरावा लागतो, आणि एकदा जुनीत जाऊन नवीत परत आल्यावर धंदा चालू असेतो पुन्हा जुनीकडे जाता येत नाही.

याच्या उलट चूकही मी पाहिली आहे. कर्ज काढायचे ठरले की शेवटच्या एका वर्षी नफा एकदम दुप्पट दाखवायचा. कागदावर वाढलेला तो नफा कुठल्या मालात, ठेवीत किंवा खर्चात दिसतो, याचे उत्तर तयार नसेल तर तोही आकडा पोकळच. आणि एखाद्या वर्षी धंदा खरोखर बुडाला म्हणून आठ-सहा टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवायचा असेल, तर तो निर्णय घाईने घेऊ नये. एकदा हे कलम स्वीकारल्यावर पुढच्या पाच वर्षांत ते सोडले, तर त्यानंतरची पाच वर्षे ते पुन्हा वापरता येत नाही. आणि त्या काळात एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेहून अधिक असल्यास वह्याही ठेवाव्या लागतात आणि लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते.

वह्या नकोत असे म्हणणाऱ्या या पद्धतीतही विवरणपत्रात चार आकडे मागितलेलेच आहेत: येणे उधारी, देणे उधारी, शिल्लक माल आणि रोख शिल्लक. बहुतेक छोट्या दुकानदारांचे विवरणपत्र 'सुगम' म्हणजे आयटीआर-४ या फॉर्मवर जाते, आणि तिथे हे चारही रकाने भरावे लागतात. शेतीचे उत्पन्न पाच हजारांहून अधिक असेल तर सुगम चालत नाही. आयटीआर-३ घ्यावा लागतो, पण ४४एडीची सवलत तिथेही मिळते आणि तेच चार आकडे तिथेही विचारले जातात. आमच्या पट्ट्यात ऊस असलेल्या कितीतरी दुकानदारांची विवरणपत्रे या एका बाबीत चुकलेली असतात. हे चार आकडे अंदाजाने टाकण्याची रीत पडली आहे. रोख शिल्लक पंचवीस हजार, माल तीन लाख, असे गोल आकडे वर्षानुवर्षे तेच. दरवर्षी उलाढाल वाढते आणि माल तीन लाखांवरच गोठलेला राहतो, हे संगणकाला सुद्धा दिसते.

जीएसटीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर लोक पुष्कळ बोलतात. फक्त माल विकणाऱ्यासाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा चाळीस लाखांची आणि सेवा देणाऱ्यासाठी वीस लाखांची आहे. ही मर्यादा मोजताना सुट्या धान्यासारख्या करमाफ मालाची विक्रीही धरायची असते, आणि ती एका पॅनवरच्या सगळ्या धंद्यांची मिळून मोजायची असते. केवळ करमाफ मालच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. आमचे दुकानदार कॉम्पोझिशन योजनेत आहेत. दीड कोटींपर्यंतच्या व्यापाऱ्याने करपात्र विक्रीवर एक टक्का भरायचा, दर तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत, आणि वर्षाचे जीएसटीआर-४ विवरणपत्र ३० जूनपर्यंत. व्यापाऱ्यासाठी हा टक्का करमाफ मालावर लागत नाही. त्यांच्या चौऱ्याऐंशी लाखांतली सुमारे तेवीस लाखांची विक्री सुट्या धान्याची आणि डाळींची असल्याने कर उरलेल्या एकसष्ट लाखांवरच आला. पण त्यासाठी सुटा माल आणि छापील पाकिटातला माल यांची विक्री वेगवेगळी लिहिलेली हवी. ती लिहिलेली नव्हती म्हणून आधीच्या दोन वर्षांत त्यांनी सगळ्या विक्रीवर एक टक्का भरला होता, आणि ही चूक माझ्याही नजरेतून सुटली होती. कॉम्पोझिशनवाल्याने ग्राहकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही, बिलावर आणि पाटीवर तसे लिहायचे, आणि परराज्यात माल विकायचा नाही, एवढे पाळले की या योजनेत फारशी कटकट नाही.

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूतल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, त्या बातमीनंतर इकडेही काही दुकानांतून क्यूआर कोडच्या पाट्या उतरल्या. काहींनी त्या पाटीवर पत्नीच्या किंवा मुलाच्या बचत खात्याचा कोड लावला. दोन्ही उपाय चुकीचे आहेत. विक्री रोखीने झाली म्हणून ती उलाढालीतून वगळली जात नाही. उलट ४४एडीखाली सहाऐवजी आठ टक्के धरावे लागतात. आणि पत्नीच्या खात्यात आलेली विक्री ही दुकानाचीच विक्री राहते, फरक इतकाच की उद्या ती समजावून सांगण्याची जबाबदारी दोघांच्या पॅनवर येते. धंद्याला एकच चालू खाते, त्याच खात्याचा क्यूआर, आणि घराचे बचत खाते निराळे. माझ्याकडे येणाऱ्या नव्या दुकानदाराला मी पहिल्या दिवशी एवढेच सांगतो आणि बाकीचे पुढच्या महिन्यावर ढकलतो. बचत खात्यांत वर्षभरात मिळून दहा लाखांवर रोख भरणा झाला, तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते, हेही त्याच वेळी कानावर घालतो.

घरातल्या पैशाच्या काही वाटा मात्र अशा आहेत की त्यांत कोणाचा वाईट हेतू नसतो आणि तरी अडचण होते. हातउसने पैसे ही त्यांतली पहिली. मेहुण्याने अडीनडीला पन्नास हजार रोख दिले, आपण दोन महिन्यांनी रोख परत केले. कलम २६९एसएस आणि २६९टी यांनुसार वीस हजार किंवा त्याहून अधिक उसने रोखीने घ्यायचेही नाहीत आणि फेडायचेही नाहीत. मोडले तर दंड त्या रकमेइतकाच होऊ शकतो, आणि नातेवाईक असल्याने नियम आपोआप सैल होत नाही. देणारा आणि घेणारा या दोघांचेही उत्पन्न शेतीचेच असेल आणि दोघांपैकी कोणालाही करपात्र उत्पन्न नसेल, तेवढ्या व्यवहाराला घेण्याच्या नियमातून सूट आहे. दुकानदाराला ती उपयोगाची नाही.

दुसरी वाट भेटीची. जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही, मग ती कितीही असो; इतरांकडून वर्षभरात एकूण पन्नास हजारांहून अधिक मिळाले तर सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. आपल्या बोलण्यात चुलतभाऊ, मामेभाऊ हे भाऊच असतात आणि रक्षाबंधनालाही तसेच वागवले जातात, पण कायद्याच्या व्याख्येत काका आणि मामा आहेत, त्यांची मुले नाहीत. लग्नात वधू किंवा वराला मिळालेली भेट कोणाचीही असली तरी करमुक्त असते, आणि तिथे आपल्याकडची आहेराची वही फार कामी येते. मंडपाच्या दाराशी एखादा भाचा बसून नाव, गाव आणि रक्कम लिहितो, ती वही लग्नानंतर माळ्यावर टाकू नये. एका प्रसंगी एका माणसाकडून दोन लाख किंवा अधिक रोख मात्र आहेर म्हणूनही घेता येत नाही. कलम २६९एसटी तिथेही लागू आहे.

पत्नीला दिलेल्या पैशाची गोष्ट जरा वेगळी. तिला दिलेली भेट करमुक्त असते, पण त्या पैशातून केलेल्या ठेवीचे व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवायचे असते. वहिनींच्या नावावरची ठेव दुकानाच्या पैशातली होती, म्हणून तिचे व्याज मालकांकडे गेले. त्यांनी स्वतः पापड आणि मसाले विकून साठवलेल्या पैशांची पतसंस्थेतली ठेव त्यांची स्वतःची राहिली. दोन्ही ठेवींचा मुद्दल कुठून आला हे सांगता आले, ते वहिनींच्या वहीमुळेच. भिशीचेही तसेच आहे. बारा महिने पाच-पाच हजार भरून एका महिन्यात साठ हजार हातात आले आणि ते खात्यात भरले, तर ती रक्कम आपलीच परत आलेली बचत आहे हे दाखवायला कोणत्या महिन्यात किती भरले याची नोंद हवी. सगळे सभासद ओळखीचे आहेत, एवढ्याने भागत नाही.

माझ्या अशिलांनी पूर्ण वह्या लिहाव्यात असा माझा आग्रह नाही. त्या दुकानासाठी मी जे सुचवले ते असे. दर महिन्याच्या एक तारखेला चालू खात्यातून घराच्या बचत खात्यात चाळीस हजार वळते करायचे, आणि त्याला 'उचल' असे नाव द्यायचे. शुल्क किंवा दागिना असा मोठा खर्च आला तर ती उचलही चालू खात्यातूनच, वेगळी. गल्ल्यातून घरासाठी रोख काढायचीच वेळ आली, तर खणातच ठेवलेल्या चिठ्ठीवर तारीख आणि रक्कम लिहायची, आणि रात्री ती वहीत उतरवायची. दुकानातून घरी गेलेला माल, म्हणजे पाच किलो साखर किंवा तेलाचा डबा, खरेदीच्या भावाने त्याच खात्यात टाकायचा. विक्रीचे तीन रकाने ठेवायचे: रोख, यूपीआय आणि उधार, आणि सुट्या मालाला वेगळे पान. रात्री दुकान बंद करताना याला दहा मिनिटे लागतात. महिनाअखेरीस बँकेचे खातेउतारे लावून पाहायचे आणि तिमाहीला एकदा आयकर संकेतस्थळावरचे वार्षिक माहिती विवरण उघडून आपल्या नावावर काय काय आले आहे ते बघायचे. १५ मार्चच्या आगाऊ कराची आठवण तेव्हाच होते. कर दहा हजार किंवा त्याहून अधिक निघणार असेल तर ४४एडीवाल्यांनी तो त्या एकाच हप्त्यात भरायचा असतो. व्यवसाय कराचे अडीच हजार ३० जूनच्या आत, हे तर ठरलेलेच.

मालकांची पहिली हरकत अपेक्षित होती. "आपल्याच गल्ल्यातून घेताना चिठ्ठी कशाला लिहायची, साहेब?" मी वडिलांच्या रोजकिर्दीची गोष्ट सांगितली, ती त्यांना फारशी पटली असे दिसले नाही. वहिनींनी मात्र लगेच विचारले की चिठ्ठी त्यांनी लिहिली तर चालेल का. चालेल म्हणालो.

एप्रिलच्या अखेरीस मी त्या बाजूने जाताना दुकानात डोकावलो. खणाच्या आतल्या बाजूला रबर लावून पाठकोऱ्या कागदांची एक गड्डी अडकवलेली होती. वरच्या चिठ्ठीवर वहिनींच्या अक्षरात लिहिले होते: २६ एप्रिल, पेट्रोल २००, यांनी घेतले. तिच्याखाली मालकांच्या अक्षरात एक ओळ होती: २६ एप्रिल, आंब्याची पेटी ९००, हिने घेतली.